तुरी झाडणाऱ्या बायका आणि पतंचेरूचं शास्त्र

तुरीचं झाड हलवलं की अळी खाली पडते, हे कुणी शोधून काढलं? प्रश्न बावळट वाटेल. पण या एवढ्याशा गोष्टीवर हैदराबादजवळच्या पतंचेरूला, इक्रिसॅट नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत, रीतसर चाचण्या झाल्या, लेख छापले गेले आणि त्यांतून सरकारी शिफारस निघाली. आमच्या भालकी तालुक्यात ज्या बायकांनी हे काम हातांनी केलं त्यांना विचारावं, तर त्या हसतात. "गुरुजी, बोरं पाडताना कधी कुणाला विचारलं होतं का?"

मी मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. राजे आणि तहांच्या सनावळ्या घोकून घेण्यात आयुष्य गेलं. पण घरची शेती होती, आप्पा पक्के तुरीचे शेतकरी होते. म्हणून आता उरल्या वेळात मी ज्या इतिहासाकडे वळलो आहे त्यात राजे नाहीत. तूर, तिचे दोन शत्रू, आणि त्यांच्याशी झगडताना शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांच्यात जी देवघेव झाली ती आहे.

आधी मुलूख सांगतो. १९५६ साली भाषेवर राज्यं झाली तेव्हा निजामाच्या वेळचा बिदर जिल्हा फाटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी मात्र पूर्वीच्याच राहिल्या आणि तुरीच्या ओळीही. खालच्या अंगाला आळंद, चिंचोळी, सेडम असं कलबुर्गी जिल्ह्याचं काळं रान पसरलेलं. त्या रानाखाली चुनखडीचा दगड आहे. महाराष्ट्रात ज्याला शहाबादी फरशी म्हणतात ती याच जिल्ह्यातल्या शहाबादची. याच चुनखडीच्या मातीमुळे इथल्या डाळीला चव येते असं सगळे सांगतात, आणि २०१९ साली कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कागदोपत्रीही मातीचाच दाखला दिला गेला. कलबुर्गीच्या नेहरू गंजात आणि बिदरच्या गांधी गंजात जानेवारी-फेब्रुवारीत उभं राहिलं की वर्षाचा निकाल कळतो. लग्न ठरणार की पुढे ढकलणार, हे इकडे तुरीच्या पट्टीवर ठरतं.

तुरीचा पहिला शत्रू मातीत असतो. झाड फुलावर आलेलं असतं, दिसायला धडधाकट, आणि आठ-पंधरा दिवसांत उभ्याउभ्या वाळून जातं. आमच्याकडे म्हणतात, 'तूर उधळली.' बुंधा उभा चिरला तर आत काळी रेघ दिसते. जुनी माणसं याला करणी समजायची, नाहीतर जमिनीला कंटाळा आला म्हणायची. दुसरं म्हणणं तसं फार चुकीचं नव्हतं. १९०६ साली बिहारमधल्या पुसा इथे बटलर नावाच्या आयरिश बुरशीतज्ज्ञाने या रोगामागची बुरशी दाखवून दिली; ती मातीत वर्षानुवर्षं तग धरते. म्हणजे एकाच रानात पुन्हा पुन्हा तूर घेतली की ती माती खरोखरच तुरीला कंटाळते. मात्र बटलरच्या शोधाचा आमच्या आजोबांना काडीचा उपयोग झाला नाही. त्यांचा उपाय त्यांच्याजवळच होता: जवारीत तूर. तिफणीने जवारीचे काही तास, मग एक तुरीचा. जवारी भाकरीला, कडबा बैलाला, आणि तूर नशिबाने.

पतंचेरूची संस्था १९७२ ची. तिथे तांबडी आणि काळी अशा दोन्ही जमिनी एकाच आवारात सापडल्या, हे जागा निवडण्याचं एक कारण. जवारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग ही तिची पिकं, म्हणजे आमच्या घराचं दाण्याचं कोठारच. इथे डॉ. यशवंत नेने नावाचे मराठी रोगशास्त्रज्ञ आले. हे तेच नेने, ज्यांनी आधी पंतनगरला असताना भाताचा 'खैरा' हा रोग जंतूंचा नसून जस्ताच्या कमतरतेचा आहे हे दाखवलं होतं. उतारवयात त्यांनी शेतीच्या इतिहासासाठी संस्था काढली आणि वृक्षायुर्वेदाच्या पोथ्या उजेडात आणल्या. जुन्यात काय दडलंय ते बघायची सवय असलेला माणूस. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामात मला सर्वांत आवडते ती एक उलटी गोष्ट: त्यांनी मुद्दाम आजारी रान तयार केलं. रोगट झाडं तोडून मातीत गाडायची, रोगाला बळी पडणारी तूर पुन्हा पुन्हा पेरायची, बुरशी अशी पोसायची की धडधाकट वाण टिकूच नये. मग त्या रानात गावोगावहून गोळा केलेल्या तुरीचे शेकडो नमुने पेरायचे आणि कोण जगतं ते बघायचं.

जे जगले त्यांत आयसीपी ८८६३ हा नमुना होता. तो मूळचा महाराष्ट्रातल्या एका गावरान वाणातून निवडलेला. १९८६ साली कर्नाटकात तो 'मारुती' या नावाने आला. आमच्याकडे तोवर गुल्याळ चालायची. दाणा ठसठशीत, डाळ गोड, पण उधळायला पहिली. मारुती आली तेव्हा तिचा प्रसार सरकारी गोदामातून झाला त्याहून जास्त सवाईने झाला: पायलीभर बी न्यायचं, सुगीला सव्वा पायली आणून द्यायची. १९९६ साली बांतिलान आणि जोशी या इक्रिसॅटच्या अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास छापला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच उत्तर कर्नाटकातल्या तुरीच्या निम्म्याहून अधिक रानावर मारुती पोचली होती, असं त्यात दिसतं.

कोणाचा शोध म्हणायचा हा? बी कुणा शेतकऱ्याच्या कणगीतलं. त्याचं नाव कुठेच नाही. आजारी रान शास्त्रज्ञांचं. प्रसार पुन्हा शेतकऱ्यांचा. मला यात श्रेयाचं भांडण दिसत नाही, पण नोंदीची असमानता दिसते, आणि इतिहास शिकवणाऱ्याला तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक मोजणी केली. १९८५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात, निव्वळ तुरीपेक्षा जवारीत घेतलेल्या तुरीत मर, म्हणजे हे उधळणं, बरीच कमी पडते, आणि मध्ये एक वर्ष जवारी घेतली तरी फरक पडतो, असं आढळलं. आजोबांचा उपाय आकड्यांत बसला. आजोबा तोवर गेले होते.

आता दुसरा शत्रू, घाटेअळी. तुरीवर ती शेंग पोखरते. डोकं शेंगेत, अर्धं अंग बाहेर. कापूस, हरभरा, टोमॅटो, सूर्यफूल, काहीही खाते. एक मादी हजारांनी अंडी घालते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पतंचेरूचे रीड आणि लतीफ देशभरच्या शेतकऱ्यांच्या रानांतून शेंगा गोळा करत हिंडले आणि नुकसान मोजलं. ते काम मोलाचं होतं, पण त्याची दिशा एकाच बाजूने: शेंगा गेल्या, आकडे झाले. याच काळात, १९७५ पासून, इक्रिसॅटच्या अर्थशास्त्रज्ञांनी वेगळा रस्ता धरला होता. सहा गावं निवडली, त्यांतली शिरापूर आणि कलमण ही दोन आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, आणि त्या गावांत राहूनच माणसांनी वर्षानुवर्षं घरोघरीचं उत्पन्न, कर्ज, मजुरी, पेरणी लिहून घेतली. एन. एस. जोधा हे त्यांतलं मोठं नाव. गावात मुक्काम करणाऱ्याला जे कळतं ते जीपमधून उतरून शेंगा खुडणाऱ्याला कळत नाही. मात्र ही शहाणीव अळीवाल्यांपर्यंत पोचायला वीस वर्षं लागली.

दरम्यान औषधं आली. पाठीवरचा पंप ही आमच्या पिढीची खूण. आधी भुकटी, मग एंडोसल्फान, मग 'थंड' वासाची नवी पायरेथ्रॉइड औषधं. पहिल्या काही वर्षांत अळी टपाटप मरे. बघायला लोक बांधावर उभे राहायचे. मग एक फवारणी पुरेना. १९८७-८८ ला आंध्रच्या किनारपट्टीवर, गुंटूरकडे, कपाशीत याच अळीने हाहाकार केला. औषधांना ती दाद देईना, आणि प्रयोगशाळेतही तेच सिद्ध झालं. गुंटूर आम्हाला दूर वाटलं. पतंगाला पंख असतात हे आम्ही विसरलो, किंवा औषधवाल्या दुकानदाराने विसरायला लावलं. उधारीवर डबा देणारा तोच, आणि 'आणखी एक मारा' असा सल्ला देणाराही तोच. पतंचेरूला सल्ला होता, पण उधारी नव्हती.

१९९७ चा हिवाळा ढगाळ निघाला. नोव्हेंबर-डिसेंबरात अवेळी पाऊस, दिवसचे दिवस सूर्य नाही, तूर फुलावर, आणि अळी. आमच्या घरच्या रानात चार फवारण्या झाल्या. त्यानंतरही शेंगेत बोट घातलं की अळीच हाताला लागे. औषधाच्या वासाने जेवण नको व्हायचं. त्या हंगामानंतर, १९९८ च्या सुरुवातीला, बिदर जिल्ह्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. कर्नाटकात या विषयावर पुढे जे अभ्यास झाले त्यांत ही बिदरची तुरीची घटना सुरुवातीलाच येते. अभ्यासकांना ती सुरुवात आहे. आम्हाला त्यातली काही माणसं लग्नाकार्यात भेटलेली होती. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

त्याच हंगामात कलबुर्गीकडच्या काही रानांत लोक पुन्हा झाडं हलवायला लागले. 'पुन्हा' म्हणतो, कारण औषधं यायच्या आधी जुनी माणसं हे करत. माझी आई सांगायची, तिच्या लहानपणी पोरांना दाणे-गुळाचं आमिष दाखवून तुरीत सोडायचे. पंप आले आणि हे काम अडाणीपणाचं ठरलं. पंप हरले तेव्हा ते परत आलं, या वेळी तळवटाच्या जागी प्लॅस्टिकचा कागद घेऊन.

रीत अशी. दोन ओळींच्या मधून एक बाई किंवा पोर कागद ओढत नेते. दोघी-तिघी दोन्ही बाजूंची झाडं कागदावर वाकवतात आणि हळू पण झटक्याने हलवतात. अळीला धक्का लागला की ती पकड सोडून अंग टाकते; शत्रूपासून सुटायची तिची ही जुनी युक्तीच तिच्यावर उलटते. टपटप आवाज होतो, पाऊस सुरू झाल्यासारखा. सकाळचं काम बरं, उन्हात अळी शेंगेत दडते. ओळीच्या शेवटी कागदाची झोळी करून डब्यात ओतायचं. मोठ्या अळ्या पडतात, बारीक फुलाच्या जाळीत अडकून राहतात, म्हणून आठवड्याने परत फिरावं लागतं.

पतंचेरूचे डॉ. रंगा राव आणि त्यांचे सहकारी तेव्हा आयफाड या संयुक्त राष्ट्रांच्या निधीसंस्थेच्या पैशावर घाटेअळीचाच प्रकल्प चालवत होते: शेतकऱ्यांना सोबत घेऊन कमी औषधात पीक वाचवायचं. त्यांनी या हलवण्याकडे नाक मुरडलं नाही, इथे मला त्यांचं मोठेपण वाटतं. एखाद्याने 'हे काय शास्त्र झालं' म्हणून सोडून दिलं असतं. ते प्रश्न घेऊन बसले. किती अळ्या पडतात? फुलं गळून नुकसान होतं का? खर्च फवारणीपेक्षा कमी पडतो का? पहिल्याचं उत्तर, झाडावरच्या सुमारे ८५ टक्के अळ्या खाली येतात. फुलांची भीती मलाही होती. पण तूर आपली बहुतेक फुलं तशीही गाळतेच, धरते थोडीच. खर्चात हलवणं सरस ठरलं. दोन हंगामांत ही रीत दक्षिणेतल्या लाखभर हेक्टरांवर पोचली असं त्यांच्याच लेखनात नोंदलेलं आहे, आणि त्यात ही पद्धत शेतकऱ्यांची असंही स्वच्छ म्हटलं आहे. बायकांची, असं म्हटलेलं मला कुठे दिसलं नाही. माझ्या पाहण्यात झाडं हलवणाऱ्या दहांपैकी नऊ बायकाच होत्या.

या व्यवहारात शास्त्राने स्वतःची भर घातली ती त्या डब्यातल्या अळ्यांवर. आम्ही त्या कोंबड्यांना टाकायचो किंवा मातीत पुरायचो. त्यांनी सांगितलं, पुरू नका, यांच्यातूनच औषध करा. घाटेअळीला एक विषाणू मारतो, एनपीव्ही. विषाणूत भिजवलेले हरभरे अळीला खायला घातले की ती काही दिवसांत मरते, आतून पाणी होते, फांदीला उलटी लोंबते. अशा मेलेल्या अळ्या वाटून, गाळून, हेक्टरी २५० अळ्यांचा अर्क संध्याकाळी फवारायचा; उन्हात विषाणू टिकत नाही म्हणून नीळ, आणि अळीने आवडीने खावं म्हणून गूळ. दुकानात न जाता गावात औषध! कल्पना झकास होती. पण घाटेअळी आपल्याच भावंडांना खाते, त्यामुळे प्रत्येक अळीला वेगळी कुपी लागते. शिवाय मेलेल्या अळ्यांचा वास असा की ज्या घरात हे चाले तिथे पाहुणा टिकत नसे. आमच्या भागातल्या अशा खटपटी प्रकल्पाचा पैसा असेपर्यंत चालल्या, मग थांबल्या. गावाला हे ज्ञान पटलं होतं. कुप्या धुणं पटलं नाही.

या गोष्टीला जगात जोड आहे. दक्षिण अमेरिकेत पेरूची राजधानी लिमा इथल्या बटाटा संशोधन केंद्रात रॉबर्ट र्‍होड्स नावाचा मानवशास्त्रज्ञ आणि बूथ नावाचा साठवणतज्ज्ञ यांनी १९८२ साली लिहून ठेवलं की संशोधन शेतकऱ्यापासून सुरू होऊन शेतकऱ्याकडेच संपलं पाहिजे. बियाण्याचा बटाटा अंधारात न ठेवता मंद उजेडात ठेवला की कोंब आखूड आणि दणकट येतात, एवढं तत्त्व. केंद्राने त्यासाठी नमुन्याचं कोठार बांधून दाखवलं. शेतकऱ्यांनी कोठार घेतलं नाही, तत्त्व घेतलं आणि आपल्या ओसरीत, पडवीत बसवलं. आमच्या एनपीव्हीच्या कुप्या आणि त्यांचं कोठार एकाच जातीचं. फरक इतकाच की त्यांचं तत्त्व कोठाराशिवाय जगलं, आमचं कुप्यांशिवाय जगेना.

आणखी एक धागा सोडवत नाही, तो येळवसचा. मार्गशीर्षाच्या अमावास्येला उदगीर-लातूरपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील. भज्जीत हिरवी तूर आणि हरभरा हवाच. पूजा झाली की घरधनी रानाच्या चारी कडांनी अन्न आणि आंबील शिंपत फिरतो. कन्नड घरांत याला चरगा म्हणतात. हा दिवस पडतो डिसेंबर-जानेवारीत, तूर शेंगेत आणि अळी भरात असताना. कृषी विस्तारवाले अळीसाठी रानात पाखरं बोलवायला भात, चुरमुरे टाका असं सांगतात, आणि चरग्याकडेही तेच बोट दाखवतात. मी इथे जरा आखडता हात घेतो. एका दिवसाच्या शितांनी महिनाभराची अळी आटोक्यात येते असं मला वाटत नाही, आणि आमच्या आजीने पाखरं मोजून चरगा शिंपला नव्हता. तिने रानाला जेवू घातलं होतं. प्रत्येक रीतीच्या पोटात शास्त्र शोधणं हाही एक प्रकारे तिचं मोल कमी करणं आहे. पण मोजून बघायला हरकत नाही. झाड हलवण्याचं तरी मोजल्यावरच कळलं.

आज तुरी झाडणं जवळपास थांबलं आहे. सोयाबीन आलं, मजुरी वाढली, डिसेंबरात बायका ऊसतोडीला जातात नाहीतर हैदराबाद, पुण्याला बांधकामावर. एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. नवी महागडी औषधं आली, ती अजून तरी काम करतात. घरालगतच्या अर्ध्या एकरात आमची मंडळी अजून कागद ओढतात, पण तो व्यवहार नाही, सवय आहे.

आणि पहिला शत्रू परतला. २०२२ च्या हंगामात कलबुर्गी-बिदरच्या मोठ्या पट्ट्यात तूर शेंगेत असताना वाळली. सरकारने हेक्टरी १० हजार रुपये जाहीर केले. जादा पाऊस, मग एकाएकी उघडीप, आणि मातीतल्या एकाहून अधिक बुरशी, असं कृषी विद्यापीठाकडून सांगितलं गेलं. मारुतीच्या पुढचे टीएस-३आरसारखे रोगाला तोंड देणारे वाण रानात होते, तरी वाळली. आमच्या पारावर चर्चा झाली तेव्हा एका म्हाताऱ्याने एकच विचारलं, "मागच्या दहा वर्षांत त्या रानात जवारी कुणी पेरली?" कुणी पेरली नव्हती. तुरीवर तूर, नाहीतर तुरीशेजारी सोयाबीन.

जवारी का गेली, याचं उत्तर बुरशीतज्ज्ञाजवळ नाही. ते गंजातल्या दराजवळ आहे, दुकानातल्या रेशनच्या तांदळाजवळ आहे, बैल विकून कडब्याची गरज संपली त्याजवळ आहे, पाखरं राखायला रानात पोर राहत नाही त्याजवळ आहे. पुढच्या वेळी विद्यापीठाची माणसं आली तर बैठकीला गंजातला एखादा अडत्या, रेशनच्या खात्यातला एखादा अधिकारी आणि तुरी झाडणाऱ्या दोन बायकाही बसवा, असं मी ग्रामपंचायतीला लिहून दिलं आहे. यंदा घरच्या दोन एकरांत मुलाला न जुमानता जवारीचे तास टाकले. तो हिशेब मांडून सांगतो की एकरी इतके रुपये बुडणार. त्याचा हिशेब बरोबर आहे. तूर किती वाचते ते मात्र त्याच्या वहीत लिहायचं अजून बाकी आहे.